उजव्या कौलाची वाट

मला लहानपणापासून एक खोड आहे. रस्त्यानं चालताना काही वेगळं दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात आणि तोंड आपोआप उघडतं. हे काय, ते असं का, याचं पुढं काय होतं. माझी आई म्हणायची, हिला विहिरीवर पाठवलं तर पाणी संध्याकाळी येईल, पण विहिरीची सगळी हकिगत घेऊन येईल. माहेरी ही खोड खपून गेली. वडील चिंचवडला शाळामास्तर होते. त्यांच्याकडे उत्तरं असायची, आणि नसली की ते सरळ तसं सांगायचे. सासरी मात्र पहिल्याच महिन्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला ऐकवलं, "सूनबाई, प्रश्न जेवणातल्या मिठाएवढे असावेत." मी लगेच विचारलं, "म्हणजे किती?" त्यावर ते उठून गोठ्यात गेले.

सासर चाकणच्या पश्चिमेला, एका खेड्यात, शेतकऱ्याचं. गोष्ट पन्नास ते साठच्या मधली. पिंपरीला तेव्हा कारखान्याचं धुराडं नवंनवं उभं राहिलं होतं आणि आमच्या गावातले चारजण बैलगाडी जुंपून ते बघून आले होते. आमच्याकडे मात्र कांदा, ज्वारी आणि धूळ. माझे यजमान देहूरोडला डेपोत नोकरीला होते, रविवारी घरी यायचे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि एक दिवस माझ्या वडिलांनी एक पत्र पाठवलं.

मी सातवीची फायनल पास होते. लग्न ठरायच्या आधी वडिलांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझा अर्ज करून ठेवला होता, आणि मग लग्नाच्या गडबडीत तो सगळेच विसरले. आता तिकडून जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. दोन वर्षं तिथंच वसतिगृहात राहायचं, शिकायचं, आणि बाहेर पडलं की प्राथमिक शाळेत मास्तरीण. उत्तर पंधरा दिवसांत हवं होतं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटायला आल्या. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री मला खडूचा वास यायचा.

यजमान म्हणाले, "वडील म्हणतील तसं." माणूस भला होता, पण वडिलांच्या समोर त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. मामंजींनी दोन दिवस विचार केला, पान खाल्लं, अंगणात फेऱ्या मारल्या, आणि म्हणाले, "देवाला विचारू. तो म्हणंल तसं." म्हणजे माझ्या दोन वर्षांचा निकाल आता कौलावर.

आमच्या घराण्याचा देव तीन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी एका देवराईत. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळलेली काडीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही. देव म्हणजे कमरेएवढा काळा दगड, मान आणि दोन खांदे कळतील इतपतच घडवलेला. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक त्याच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. मग समोर बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल पडेपर्यंत पोटात अन्न घ्यायचं नाही, आणि एकदा पडला की त्याच गोष्टीसाठी वर्षभर पुन्हा विचारायचं नाही. आमच्या घरची रीत अशी की कौल लावायला थोरल्या बाईनं जायचं, आणि जिच्यासाठी लावायचा तिनं पायी सोबत जायचं.

थोरली बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. उंच, काटक, बोलायला कमी. वीस वर्षं घरचे सगळे कौल त्यांनीच लावलेले. बैल घ्यायचा का, विहीर खणायची का, ही सोयरीक करायची का. त्यांच्या हातचा कौल कधी खोटा जात नाही अशी भावकीत ख्याती होती, आणि तो बहुतेक वेळा उजवाच पडायचा. लोक म्हणत, बाईचा हात चांगला आहे. माझ्याबद्दल त्यांचं मत काय, हे दीड वर्षात मला कळलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

चैत्र होता. तांबडं फुटायच्या आत त्यांनी मला हलवून उठवलं.

"एवढ्या लवकर कशाला, आत्याबाई?"

"उनाच्या आधी पोचाया पायजे."

पाय पोळतात म्हणून म्हणत असतील असं मला वाटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, परसातल्या चाफ्याची चार फुलं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर पडलो न पडलो तोच पहिली अडचण आली. एका शेतात कमरेएवढ्या उंच, पोकळ, हिरव्या दांड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू. उजाडायला लागलं होतं आणि मधमाश्या आत्ताच कामाला लागल्या होत्या. हे काय पीक? जवळ गेले, दांडी मोडून हुंगली, तर कांदा. चाकणच्या भागात राहून मी कांदा फुलतो हे पाहिलं नव्हतं! मला माहीत असलेला कांदा जमिनीतून उपटून थेट वखारीत जायचा.

शेताची मालकीण राखणीला बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "बियान्याचा हाय. चांगल्यातला चांगला कांदा पुना मातीत लावायचा, मंग त्याला फुलं येत्यात, बी धरतंय."

"चांगल्यातला चांगला कोणता हे कसं कळतं?"

तिनं आपल्या न्याहारीच्या फडक्यातून एक कांदा काढला आणि विळ्यानं त्याचं वरचं टोक उडवलं. "ह्यो बघ. आत येकच डोळा हाय. ह्यो लावायचा. दोन डोळं असले तर कालवनाला."

"दोन डोळ्यांचा का नाही लावायचा?"

"जोडकांदा येतो. बाजारात कोन घेनार त्यो?"

मग कापलेला कांदा कुजत कसा नाही, माश्या नसल्या तर बी धरेल का, पाऊस पडला तर काय. ती बाई हौशी होती, तीही सांगत बसली. आत्याबाई बांधावर उभ्या. दोनदा म्हणाल्या, "चल." तिसऱ्या वेळी त्यांनी माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर आणलं. मी एक फुलांचा गोंडा पदरात खोचून घेतला.

पुढं ज्वारी काढून मोकळं झालेलं रान होतं. धसकटांतून चालायचं म्हणजे पाय उचलून टाकावे लागत. तिथं धनगरांनी मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला, आणि बदल्यात शेतकऱ्यानं धनगराला धान्य द्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण आम्ही पोहोचलो तेव्हा एक धनगरीण कोकरांच्या जाळीचा खुंटा उपटत होती. कोकरं वेगळी कोंडून ठेवलेली, पन्नास तरी असतील, आणि पलीकडे त्यांच्या आया. सगळ्याच पांढऱ्याकाळ्या, सगळ्याच ओरडणाऱ्या.

आता मला सांगा, यातून कोण कशी पुढं जाईल? मी थांबले. जाळी उघडली आणि कोकरं सुटली. एक क्षणभर नुसता गोंधळ, धूळ, केकाटणं. आणि मग बघता बघता प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली गुडघे टेकून लागलेलं. गोंगाट एकदम थांबला. नुसता चुटुचुटु आवाज.

"यांना ओळख पटते कशी?" मी धनगरणीला विचारलं.

"वासानं. आन् आवाजानं."

"एखादं चुकत नाही?"

"चुकतंय की. चुकलं की लाथ बसती. मंग शिकतंय."

हे उत्तर मला फार आवडलं. आमच्या शाळेतले एक गुरुजी अगदी याच पद्धतीनं शिकवत. मी हसत वळले, तर आत्याबाई शेताच्या पार टोकाला गेलेल्या, पाठमोऱ्या. धावत जाऊन त्यांना गाठलं. त्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि पावलं उचलली. त्यांच्या चालण्यात राग होता. मी मनात म्हटलं, बाई, आज तुझं सगळं भवितव्य हिच्या हातात आहे, जरा गप्प बस. पुढचा अर्धा कोस मी खरोखर गप्प होते. ओढ्यात एक पाणसाप बेडूक तोंडात धरून चालला होता, तेव्हासुद्धा.

ओढा ओलांडला आणि शेतं संपली. माळ लागला, माळानंतर झाडी. आधी खुरटी, करवंदीची, मग मोठी. कुसुंबाला नवी पालवी फुटलेली, इतकी लाल की लांबून झाड फुललंय असं वाटावं. खाली पाचोळा गुडघ्याइतका, आणि पाऊल टाकलं की त्यातून सरडे सुटायचे. हवेत गारवा होता. ऊन अजून सोसण्यासारखं होतं, आणि आत्याबाई म्हणाल्या, "आता अर्धा कोस बी न्हाई." त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांचं माहेर इथून जवळच्याच वाडीतलं. या रानात त्या लहानपणी शेरडं राखायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग त्याच थांबल्या.

एक जुनी सावर होती, बुंधा तीन माणसांच्या कवेत न मावणारा. आत्याबाईंनी वर पाहिलं, ओठावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बघायचंय?"

दोन पुरुष उंचीवर बुंध्यात एक ढोली होती, पण तिचं तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं. मधे फक्त बोटभर रुंदीची उभी फट. त्या फटीत काहीतरी हललं. चोचीचं टोक.

"आत पक्षीण हाय," आत्याबाई कुजबुजल्या.

"तिला कोणी कोंडलं?"

"कोनी न्हाई. तीच आत बसून लिंपून घेती. पिसं बी आतच गाळती."

"पण का?"

"अंडी असत्यात. साप हाय, माकडं हायत. तिथं बाहीरनं कोनाचा हात जात न्हाई."

"मग ती खाते काय?"

"थांब."

आम्ही समोरच्या दगडावर बसलो. बराच वेळ गेला. मग झाडीतून राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा, चोचीवर शिंग असलेला एक पक्षी आला आणि बुंध्याला बिलगून बसला. चोचीत वडाचं लाल फळ. ते त्यानं फटीतून आत दिलं. मग मान हलवून घशातून दुसरं काढलं, ते दिलं. मग तिसरं. असं करत किती काढली, माझी मोजदाद चुकली. पोटात केवढी शिदोरी भरून आणली होती त्यानं! त्याला धनेश म्हणतात, हे मला खूप पुढं कळलं.

"आणि हा आलाच नाही तर?" मी विचारलं.

"मंग ती मरती."

"फोडून बाहेर नाही येत?"

"बाहीर येऊन काय करंल? उडाया पिसं कुठायत?"

पक्षी उडून गेला. तो पुन्हा किती वेळानं येतो हे मला बघायचं होतं, आणि गंमत म्हणजे आत्याबाईंनाही. त्या सांगायला लागल्या. लहानपणी त्या शेरडं ओढ्यात सोडून इथं येऊन बसायच्या. एकदा तर त्यांनी पिल्लं बाहेर येईपर्यंत दीड महिना रोज पाळत ठेवली होती. नराला कावळ्यांनी पिटाळलं तेव्हा त्यांनी कावळ्यांना दगड मारले होते. पक्षीण माती कुठून आणते, तर आणत नाही, आपलीच विष्ठा आणि फळांचा चोथा वापरते, हे त्यांनी ढोलीचं पडलेलं लिंपण फोडून, हुंगून शोधून काढलं होतं. मी ऐकतच राहिले. दीड वर्ष मला वाटत होतं की घरात ही खोड माझी एकटीचीच. त्या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा मांडीवर हात ठेवून नुसती बसलेली पाहिली. आणि मला ती फार आवडली.

नर परत आला तेव्हा आम्ही दोघी एकदमच पुढं वाकलो. पुन्हा तोच सगळा कार्यक्रम, फळामागून फळ. तो उडाला. आत्याबाई हसत हसत उठल्या, लुगडं झटकलं, आणि खाली पाहिलं. त्यांची सावली पायापाशी गोळा झाली होती.

त्यांचा चेहरा उतरला. "बाई बाई," एवढंच म्हणाल्या आणि तांब्या उचलून जवळजवळ पळायलाच लागल्या. मला कळेना. कोणी वाट बघत नव्हतं, देव कुठं जाणार नव्हता. उपास सोडायची घाई मलाही होती, म्हणून मीही पळाले.

देवराईच्या कडेला वहाणा काढल्या. आत्याबाईंनी माझ्या पदराकडे बोट दाखवलं. शेतारानातलं काही आत नेलं तर ते आतच राहतं, बाहेर आणता येत नाही. कांद्याचा गोंडा, कुसुंबाची पानं आणि लिंपणाचा एक तुकडा, सगळा खजिना मी बाहेर एका दगडाखाली ठेवला. आत शिरलो तर अंधारून आल्यासारखं झालं. मांडीएवढ्या जाड वेली, एकमेकींत गुंतलेल्या. पायाखाली पाचोळा इतका कुजलेला की आवाजच नाही. मधोमध तो दगड, उत्तरेला तोंड करून. त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. या देवाला छप्पर सोसत नाही म्हणत. कोणीतरी कधीतरी बांधलं होतं, ते टिकलं नाही. त्याच्या वर तेवढ्यापुरती झाडांची दाटी विरळ होती आणि तिथून ऊन खाली येत होतं. दुपार कलली होती. उन्हाचा पट्टा देवाच्या डाव्या अंगावर पडला होता.

आत्याबाई फुलं हातात धरून उभ्या राहिल्या. देवाकडे बघितलं, वर बघितलं, पुन्हा देवाकडे. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या येऊ का आपन?"

उद्या पुन्हा तीन कोस? पुन्हा उपास? आणि आणखी एक रात्र ते पत्र उशाशी घेऊन? माझा धीर संपला होता. "आता आलोच आहोत तर लावा ना, आत्याबाई," मी म्हणाले. "आज ना उद्या, निकाल तोच लागणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगावं असं त्यांच्या तोंडावर आलं आणि गेलं. मग त्यांनी पाकळ्या तांब्यात बुडवल्या. उजव्या खांद्यावरची बोटानं हलकेच, अगदी नाममात्र टेकवली. डावीकडची मात्र दाबून दाबून चिकटवली. मी हात जोडले.

आम्ही बसलो. मी आधी देवाला आळवलं. पण माझं मन एका जागी किती वेळ ठरणार? थोड्या वेळानं मी पाकळ्यांकडेच बघायला लागले. उजवी सावलीत होती, ओली, चकाकत, दगडाला बिलगून. डावी उन्हात. तिच्या कडेचं पाणी आधी सुकलं. मग कड किंचित वर उचलली गेली. मग मुडपली. मला समोर दिसत होतं काय होतंय ते. पाण्यानं चिकटलेली पाकळी पाणी उडालं की सुटणार. आणि पाणी कुठलं आधी उडणार, हे शाळेत न गेलेलं पोरसुद्धा सांगेल. मला उठून त्या पाकळीवर सावली धरावीशी वाटली. हात तसा उचललाही. पण देवासमोर तो तसाच परत मांडीवर आला.

डावी पाकळी पडली. खाली पाचोळ्यावर, आवाज न करता.

मी रडले. लाज वाटत नाही सांगायला, भोकाड पसरून रडले. दोन वर्षं, खडू, फळा, सगळं त्या एका पाकळीबरोबर खाली पडलं होतं. आत्याबाईंनी मला रडू दिलं. मग मी डोळे पुसून, रागानंच, म्हणाले, "आत्याबाई, डावीकडं ऊन होतं. ती सुकून पडली."

"ठाव हाय."

मला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"वीस वरसं लावते मी कौल. सकाळचं ऊन उजवीकडनं येतं, दुपारचं डावीकडनं. घरच्यास्नी बैल पायजे असला तर मी सकाळी येते. नको असला तर समद्यांची न्याहारी उरकल्यावर निघते."

"मग आज..."

"म्हनून तर तुला अंधारात उठवलं."

म्हणजे ही बाई माझ्या बाजूची होती. माझा दंड धरून ओढत होती ती मला पुण्याला ओढत होती. आणि मी कांदे हुंगत होते, कोकरं बघत होते. वर शेवटी मीच म्हणाले होते, आता आलोच आहोत तर लावा. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. मला माझाच इतका संताप आला की काय करावं सुचेना.

"मग यात देव कुठं आला?" मी चिडून विचारलं. "सगळं उन्हाचंच आहे तर?"

"ऊन कोनाचं हाय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी आपली येळेवर निघते. त्याच्या मनात नसलं तर तो वाटंत अडवतोच की. वीस वरसांत मला कधी उशीर झाला न्हाई. आज झाला. आन् तुझ्यामुळं न्हाई झाला, पोरी. माझ्यामुळं झाला. त्या सावरीखाली मीच बसले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "न्हाई म्हनला तो. ऊठ."

तांब्यातलं उरलेलं पाणी आम्ही प्यायलो. परतीच्या वाटेवर ऊन चांगलंच पोळत होतं. सावर आली तेव्हा दोघींनीही वर पाहिलं नाही. माळ गेला, ओढा गेला, धनगरांची मेंढरं पुढच्या रानात गेली होती. मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आयुष्यात तीन कोस मी अशी कधीच चाललेली नाही. मनात एकच घोळत होतं, की घरी गेल्यावर मामंजी विचारतील, आत्याबाई सांगतील, आणि मी भाकरी थापायला बसेन. उद्याही, परवाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मामंजी गाईला वैरण टाकत होते. वैरण तशीच हातात धरून ते वळले.

"काय म्हनला देव?"

आत्याबाई पायावर पाणी घेत होत्या. एका पायावर घेतलं, दुसऱ्यावर घेतलं. तांब्या खाली ठेवला.

"उजवा पडला," त्या म्हणाल्या.

मी दाराच्या चौकटीला धरलं. मामंजींनी वैरण टाकली, दोन्ही हात डोक्याच्या वर जोडले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. "मंग जाऊ द्या तिला," ते म्हणाले. "त्याच्यापुढं आपुन कोन?" माझं तोंड उघडलं होतं, ते आत्याबाईंनी नुसत्या नजरेनं मिटवलं. रात्री त्यांनी मला भाकरी वाढली, स्वतः मात्र डोकं दुखतंय म्हणून पाणी पिऊन निजल्या.

मी जूनमध्ये पुण्याला गेले. वसतिगृहात पहिले काही दिवस आनंदात गेले आणि मग घरची एकेक गोष्ट कळायला लागली. दिवाळीला घरी आले तेव्हा धाकट्या दिरांची सोयरीक चालली होती आणि कौल लावायला जायचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, गुडघे धरलेत, चालवत नाही. चुलत सासूबाई गेल्या. पुढच्या वर्षी विहिरीसाठी जायचं होतं, तेव्हाही गुडघेच. ज्या गुडघ्यांवर त्या रोज चार खेपा पाण्याच्या आणत होत्या! मामंजींना वाटलं, वय झालं. भावकीला वाटलं, बाई आता देवापासून जरा दूरच राहते, असो. वीस वर्षं ज्या हाताला सगळे मान देत होते तो हात पुन्हा त्या दगडाला लागला नाही, आणि याचं कारण मला एकटीला माहीत होतं.

दोन वर्षं झाली, मी पास झाले, पलीकडच्याच गावातल्या शाळेत नेमणूक मिळाली. पहिल्या सुट्टीत मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, आपण दोघी देवराईत जाऊ. चाफा घेऊन नको, नुसता नारळ घेऊन. मी सोबत आहे. चुकलं म्हणू, माफी मागू, आणि मोकळ्या होऊ. तुम्हाला तिथं जावंसं वाटतं, मला दिसतं ते."

त्या परातीत पीठ घेत होत्या. "वाटतं तर," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं."

"मग चला ना."

"माफी मागायची तर आपलं चुकलं असं वाटाय लागतं, पोरी. मला न्हाई वाटत चुकलं." त्यांनी पिठात पाणी ओतलं. "आन् त्याच्या पुढ्यात जाऊन दुसऱ्यांदा खोटं न्हाई बोलनार मी."

मग त्यांनी पीठ मळलं, आणि मी तवा ठेवला.